लाळेतले वय आणि पाटावरून उठणे

पत्र : माझे यजमान माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९५७ आहे. आमचे चिरंजीव अमेरिकेत असतात. गेल्या खेपेला ते आले तेव्हा ‘जैविक वय’ मोजण्याचा एक संच घेऊन आले. नळीत लाळ घ्यायची आणि ती तिकडच्या प्रयोगशाळेकडे द्यायची. अहवालात ह्यांचे वय ७४ निघाले आणि तेव्हापासून घराचे रूपच पालटले. मुलाने एनएमएन आणि रेझवेराट्रॉलच्या कॅप्सूल पाठवल्या. ह्यांनी रात्रीचे जेवण सोडले. पाच महिन्यांत वजन ७२ वरून ६५ किलोवर आले, याचा त्यांना अभिमान वाटतो. रक्तदाबाची गोळी ‘रसायन’ म्हणून स्वतःच निम्मी केली. परवा दवाखान्यात दाब १५२/९० भरला. आता मित्रांकडून ऐकून मधुमेह नसताना मेटफॉर्मिन घ्यायचे आणि रॅपामायसिन कुठे मिळते ते पाहायचे चालले आहे. विचारले की म्हणतात, ‘मला शंभरी गाठायची आहे.’ मला मात्र निराळेच दिसते. पूजा आटोपल्यावर पाटावरून उठताना त्यांना हल्ली हात टेकावा लागतो, पूर्वी लागत नसे. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा असतो. या संशोधनात खरे किती, आणि मी त्यांना काय सांगू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे लिहिले आहे. ते पाटावरून उठण्याचे. प्रयोगशाळेने पाठवलेल्या आकड्यापेक्षा त्या एका निरीक्षणात तुमच्या यजमानांच्या वयाविषयी अधिक माहिती आहे. त्याकडे मी सविस्तर येणारच आहे. आधी त्यांच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलतो, कारण ज्यांच्यावर ते विश्वास ठेवत आहेत ते सगळेच थोतांड आहे असे तुम्ही त्यांना सांगितलेत, तर ते खोटे ठरेल आणि पुढचे काहीही ते ऐकून घेणार नाहीत.

वार्धक्याचे संशोधन खरे आहे. १९९३ साली सिंथिया केन्यन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील प्रयोगशाळेने मातीत राहणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतील एकच जनुक बिघडवले, आणि तो कृमी दुप्पट दिवस जगला. नुसता जगला नाही, तर बाकीचे निपचित पडलेले असताना वळवळत राहिला. म्हातारपण म्हणजे बैलगाडीच्या धावेसारखी निव्वळ झीज, तिला हात लावता येत नाही, ही समजूत तिथे मोडली. त्यानंतर यीस्ट, माश्या, उंदीर यांच्यावर शेकडो प्रयोग झाले आणि शरीर म्हातारे होते म्हणजे पेशींच्या आत नेमके काय होते, याची बरीच उकल झाली. अडचण एवढीच आहे की त्या कृमीपासून साताऱ्यातल्या तुमच्या घरापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, तो अजून पुरता बांधून झालेला नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने मात्र आधीच लागली आहेत.

आता ७४ या आकड्याचे पाहू. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात आणि वयानुसार काही ठिकाणच्या खुणा वाढतात, काही ठिकाणच्या कमी होतात. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ जागा निवडून त्यांवरून माणसाचे वय काढण्याचे गणित मांडले, आणि ते वय प्रत्यक्ष वयाच्या साधारण साडेतीन वर्षे अलीकडे-पलीकडे येत होते. शोध म्हणून ही गोष्ट अप्रतिम आहे. हजारो माणसांच्या गटांची तुलना करायला संशोधक अशी ‘घड्याळे’ आज सर्रास वापरतात. परंतु एकट्या माणसाच्या बाबतीत त्यांचा भरवसा किती धरावा? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच नमुन्याची दोनदा तपासणी करून पाहिली, तर नावाजलेल्या घड्याळांची दोन उत्तरे एकमेकांपासून ९ वर्षांपर्यंत दूर गेलेली आढळली. माणूस तोच, नमुना तोच, नळी तीच. शिवाय रक्तावर बेतलेले गणित लाळेला लावले तर उत्तर आणखी हलते, कारण लाळेत गालाच्या अस्तराच्या पेशी किती आणि पांढऱ्या पेशी किती, हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते. त्यातच २०२३ साली असेही दिसून आले की मोठी शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा कोविडचा तीव्र आजार यांच्या काळात हे जैविक वय वर चढते आणि माणूस सावरला की पुन्हा खाली येते. ज्या आकड्यामुळे तुमच्या यजमानांनी रात्रीचे ताट बाजूला सारले, तो आकडा दुसरी नळी पाठवली असती तर ६७ निघाला असता किंवा ७९ही.

आणि ज्या वयाशी त्याची तुलना झाली ते वय तरी कोणते? १ जून. मुख्याध्यापकांना या तारखेचे मर्म माझ्याहून अधिक ठाऊक असणार. जूनमध्ये शाळा उघडायची, आईबाप मुलाला हाताला धरून आणायचे, जन्माचा दाखला नसायचा, मग गुरुजी दातांकडे आणि उंचीकडे पाहून पटावर १ जून लिहून टाकायचे; त्यामुळे त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला की काय असे वाटावे. तुमच्या यजमानांनी स्वतःच्या शाळेतही असे दाखले हाताळले असतील. संचासोबतच्या अर्जात त्यांनी हीच तारीख भरली असणार. म्हणजे एका डळमळीत आकड्यातून दुसरा डळमळीत आकडा वजा करून जी बाकी उरली, तिची त्यांनी धास्ती घेतली आहे.

जन्मतारखेचा हा घोळ आपल्यापुरता नाही, हेही त्यांना सांगा. २०१० साली जपान सरकारने शंभरी ओलांडलेल्यांची शोधाशोध केली, तेव्हा नोंदवहीत जिवंत असलेले २ लाख ३० हजारांहून अधिक शतायुषी प्रत्यक्षात सापडलेच नाहीत. दीर्घायुष्याच्या अमुक बेटांवरचे आणि तमुक खेड्यांतले लोक काय खातात हे सांगणारी जी मोहक माहिती फिरत असते, तिच्या मुळाशी अशा नोंदी कितपत आहेत हा प्रश्न सॉल न्यूमन या संशोधकाने लावून धरला, आणि त्याबद्दल २०२४ साली त्यांना ‘इग नोबेल’ हे मिस्कील पारितोषिक मिळाले. त्यांचे एक निरीक्षण तर असे की अमेरिकेतील राज्यांमध्ये जन्मनोंदणी नीट सुरू झाली आणि ११० वर्षांवरच्या माणसांची संख्या एकदम रोडावली.

शंभरीचे म्हणाल तर इच्छा चांगली आहे. तिला नावे ठेवू नका. मात्र २०२४ साली एस. जे. ओल्शान्स्की हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वाधिक आयुर्मान असलेल्या देशांची तीस वर्षांची आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला, की म्हातारपणाचा वेगच मंदावण्याचा एखादा उपाय सापडल्याशिवाय या शतकात शंभरीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत १५ टक्क्यांच्या आणि पुरुषांत ५ टक्क्यांच्या वर जाणे कठीण आहे. आपल्याकडे दीर्घायुष्याची गोष्ट निघाली की सात चिरंजीव आठवतात, पण त्यांच्या यादीत पहिले नाव अश्वत्थाम्याचे आहे हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा तोही चिरंजीवच. संशोधकही हल्ली किती वर्षे जगलो यापेक्षा त्यातली किती वर्षे स्वतःच्या पायांवर गेली, याचा हिशेब जास्त करू लागले आहेत.

आता औषधांचे. एनएमएन घेतल्याने रक्तातील एनएडी या रेणूचे प्रमाण वाढते, हे सिद्ध झालेले आहे. हा रेणू पेशींना ऊर्जा निर्माण करण्यासाठी लागतो. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पाळी थांबलेल्या २५ स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन दिले, तर त्यांच्या स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. वजन आणि रक्तदाब जागच्या जागी राहिले. २५ स्त्रिया, दहा आठवडे. यावरून साताऱ्यातल्या ६८ वर्षांच्या पुरुषाचे आयुष्य वाढेल असे म्हणणे म्हणजे एका सरीवरून सुगीचा अंदाज बांधणे आहे. त्या कॅप्सूलने त्यांचे मोठे नुकसान होते आहे असे मी म्हणत नाही. मुलाचे पैसे जात आहेत आणि रक्तदाबाच्या गोळीची जागा तिने घेतली आहे, हे नुकसान मात्र खरे.

रेझवेराट्रॉलची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. द्राक्षांच्या सालीत असणारा हा पदार्थ यीस्टचे आयुष्य वाढवतो, असे २००३ साली डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्यावर कंपनी उभी राहिली, २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ती ७२ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०१३ साली तिचे दार बंद झाले. दरम्यान अमेरिकेतील तीन स्वतंत्र प्रयोगशाळा मिळून उंदरांवर असे पदार्थ तपासतात, त्या कार्यक्रमात साधा आहार घेणाऱ्या उंदरांचे आयुष्य रेझवेराट्रॉलने वाढले नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे २०१३ सालीच डेन्मार्कमध्ये ६५ वर्षांच्या आसपासच्या २७ पुरुषांकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला आणि त्यांपैकी काहींना रोज २५० मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल दिले. नुसता व्यायाम करणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांचा जो लाभ झाला, तो कॅप्सूल घेणाऱ्यांच्या बाबतीत उणावला. हे वाक्य यजमानांना दोनदा वाचून दाखवा.

कारण मेटफॉर्मिनच्या बाबतीतही हेच घडते. मधुमेहासाठी हे उत्तम, स्वस्त आणि जुने औषध आहे. ते घेणारे मधुमेही इतरांपेक्षाही जास्त जगतात, असे २०१४ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून वाटले होते. पुढे २०२२ साली डेन्मार्कमधील नोंदींची छाननी झाली तेव्हा तसे काही दिसले नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय हे ६५ ते ७९ वर्षांच्या ३,००० माणसांवर याची रीतसर चाचणी घेण्याचा आराखडा घेऊन वर्षानुवर्षे पैसे जमवत आहेत, आणि ज्या औषधावर कोणाची मालकी उरलेली नाही त्यावर पैसे घालायला उद्योगाला फारसे स्वारस्य नसते. २०१९ साली एका चाचणीत ६५ वर्षांवरील निरोगी माणसांना १४ आठवडे वजने उचलायला लावली. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना औषध नसलेली नुसती पांढरी गोळी. पांढऱ्या गोळीवाल्यांचे स्नायू जास्त भरले. त्यात आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ते आधीच कमी आढळले होते. शाकाहारी घरात मधुमेह नसताना ही गोळी सुरू करणे म्हणजे आटत चाललेल्या विहिरीवर मोटार बसवणे.

रॅपामायसिनबद्दल मला मनापासून कुतूहल आहे, हे कबूल करतो. १९६४ साली निघालेल्या एका कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरची माती आणली. माँट्रियलमधील प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने तिच्यातील जिवाणूपासून हा पदार्थ वेगळा केला, आणि बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याला नाव दिले. ती प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, नाहीतर पुढचे काहीच घडले नसते. २००९ साली मघाच्याच त्या तीन प्रयोगशाळांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या घरातल्या, उंदरांना ते खायला घातले, तर माद्यांचे कमाल आयुष्य १४ टक्के आणि नरांचे ९ टक्के वाढले. उशिरा सुरू करूनही लागू पडलेले औषध म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. पण हे सिरोलिमस या नावाने मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्यांना देतात, आणि ते कशासाठी, तर शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी. तोंडात फोड येणे, रक्तातील चरबी व साखर वाढणे हे त्याचे परिचित त्रास आहेत. निरोगी माणसांवर कमी मात्रेत, आठवड्यातून एकदा देऊन केलेल्या ४८ आठवड्यांच्या चाचणीचा अहवाल २०२५ साली आला. पोटातील चरबी घटावी हा तिचा मुख्य निकष होता आणि तो साधला नाही, जास्त मात्रा घेणाऱ्या स्त्रियांचे स्नायू तेवढे थोडे सुधारले. वय मागे नेण्याच्या खटाटोपासाठी जगभर गाजलेले अमेरिकी धनाढ्य ब्रायन जॉन्सन यांनीही जवळजवळ पाच वर्षे घेऊन २०२४ साली ते सोडले. पदरी डॉक्टरांचा ताफा असलेल्या माणसाला जे झेपले नाही, ते तुमच्या यजमानांनी मित्राच्या सांगण्यावरून आणू नये. इथे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

आता रात्रीच्या जेवणाकडे येतो. कमी खाल्ले की उंदीर जास्त जगतात हे १९३५ सालापासून माहीत आहे. माणसांवरची सर्वांत नेटकी चाचणी अमेरिकेत दोन वर्षे चालली. उष्मांक २५ टक्के कमी करायचे ठरले होते, प्रत्यक्षात सुमारे १२ टक्केच जमले, आणि वार्धक्याचा वेग मोजणाऱ्या एका घड्याळाप्रमाणे तो २ ते ३ टक्के मंदावला. पण त्या चाचणीत ५० वर्षांवरचे कोणी घेतलेलेच नव्हते, आणि त्या तरुण शरीरांतूनही चरबीबरोबर स्नायू आणि हाडांची घनता कमी झाली. ६८ व्या वर्षी पाच महिन्यांत गेलेल्या सात किलोंपैकी चरबी किती आणि मांडीचे मांस किती, हे तुमच्या काट्याला सांगता येत नाही. पाटाला सांगता येते. भारतीय शरीराची एक खोडही लक्षात घ्या. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, तरी शरीरातील चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’ने २००४ साली छापले. आपल्याकडे दिसायला सडसडीत माणसाजवळही स्नायूंची शिल्लक मुळात कमी असते, आणि उपवासाने आधी तीच खर्ची पडण्याचा धोका असतो. आपल्या पूर्वजांना निदान ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे तरी कळत होते.

तेव्हा त्यांचे रात्रीचे ताट परत मांडा. ते हलके असू द्या आणि लवकर असू द्या, सात वाजता जेवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही न खाण्याला माझी मुळीच हरकत नाही. पण त्या ताटात भाताचा ढीग आणि वर चमचाभर वरण असे न करता, घट्ट मुगाची आमटी, वाटीभर दही, पिठले किंवा उसळ, चालत असेल तर एखादे अंडे असावे. त्यांच्या वजनाला दिवसाकाठी ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि मूत्रपिंडाचा विकार नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून पक्के करून घ्यावे. हे वजन न ठरवता इतक्या लवकर उतरले असते तर मी आधी तपासण्याच सांगितल्या असत्या. जेवण पूर्ववत केल्यावरही ते उतरतच राहिले, तर मात्र विलंब न लावता दाखवा.

माझ्या दृष्टीने या पत्रातली तातडीची गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे १५२/९०. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, गोळी आपणच निम्मी केल्याचे न लपवता सांगा, आणि ते सांगतील त्या मात्रेत ती पुन्हा सुरू करा. दीर्घायुष्याचे औषध ज्याला म्हणता येईल ते त्यांच्या डबीत आधीच होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ५० वर्षांवरील, मधुमेह नसलेल्या, हृदयविकाराचा धोका असणाऱ्या ९,३६१ माणसांचे दोन गट केले. एका गटाचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणि दुसऱ्याचा १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. सव्वातीन वर्षांतच दुसऱ्या गटातील मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले आणि चाचणी मुदतीआधी आटोपती घेतली. इथे उंदीर नव्हते, घड्याळ नव्हते. जिवंत माणसे मोजली होती. अर्थात दाब फार खाली नेला तर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून नेमका किती खाली न्यायचा हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

टीव्हीच्या आवाजाबद्दल तुम्ही तक्रार म्हणून लिहिले, मी ते लक्षण म्हणून वाचले. कमी ऐकू येणे आणि विस्मरण यांचा संबंध आता चांगलाच प्रस्थापित झाला आहे. २०२३ सालच्या एका चाचणीत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे दिली. सर्वांचा एकत्र विचार करता फरक पडला नाही, पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. त्यांची कानाची तपासणी करून घ्या. मुलाला आईवडिलांसाठी काही पाठवायचेच आहे, तर पुढच्या सहा महिन्यांच्या कॅप्सूलचे पैसे त्याने श्रवणयंत्राकडे वळवावेत. त्याच खेपेत डॉक्टरांना नागिणीच्या लशीबद्दलही विचारा. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ही लस मिळाली, त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत जन्मलेल्यांना कधीच मिळाली नाही. वयात आठवड्याचा फरक असलेल्या या दोन गटांची सात वर्षांनी तुलना केली तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला, असा शोधनिबंध २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला आहे. तिथली लस जुन्या प्रकारची होती, आपल्याकडे आता मिळणारी निराळी आणि महाग आहे. पण नागिणीच्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना तेवढे कारणही पुरेसे वाटेल. जन्मतारखेला इतके मोल येईल, असे १ जून लिहिणाऱ्या गुरुजींना तेव्हा कुठून कळणार?

आता तो पाट. हात न टेकता जमिनीवरून उठायला मांड्या, नितंब, पोटाचे स्नायू, घोटे आणि तोल हे सगळे एकाच क्षणी एकमेकांना साथ देत लागतात, आणि म्हातारपण जिथून आत शिरते ती ही जागा आहे. हाताची पकड जरी मोजली तरी बरेच कळते. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या २०१५ सालच्या अभ्यासात पकड दर ५ किलोंनी कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असे प्रमाण दिसले. पण लाळेतल्या आकड्याच्या आणि या आकड्यांच्या स्वभावात एक फरक आहे. हे आकडे बदलता येतात, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांत. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना १९९० साली आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीतली माणसे होती ती. तुमचे यजमान त्यांच्यापुढे विद्यार्थीच.

घरी असे करा. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. त्यांनी हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येईल तितक्या वेळा बसावे, आणि तुम्ही घड्याळ धरून मोजावे. त्यांच्या वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमले तर पाय अशक्त झाले आहेत असे समजावे. त्यानंतर ओट्याजवळ, लागलाच तर आधार घेता येईल असे, एका पायावर १० सेकंद उभे राहून पाहावे. रक्तदाब आटोक्यात आला आणि डॉक्टरांनी होकार दिला, की आठवड्यातून तीन दिवस हेच खुर्चीवरून उठणे दहा-दहाच्या तीन फेऱ्यांत, चवड्यांवर उभे राहणे, जिन्याच्या पायऱ्या, आणि जमू लागले की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन पुन्हा तेच. दम कोंडू द्यायचा नाही. उठताना श्वास सोडायचा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचे. रोजचे फिरणे यासोबत चालू ठेवावे, पण केवळ फिरण्याने मांड्या भरत नाहीत.

हे सगळे त्यांच्या गळी उतरवायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न असेल. आयुष्यभर ज्यांनी इतरांना गुण दिले त्यांना लाळेच्या परीक्षेत कोणी तरी नापास केले आहे, आणि त्या दिवसापासून ते जागरण करून अभ्यास करावा तसे उपाय करत सुटले आहेत. त्यांना वाद घालून हरवू नका. एक रेघांची वही आणा. मुख्याध्यापकांनीच तिच्यात रकाने आखावेत: तारीख, सकाळचा रक्तदाब, वजन, खुर्चीवरून किती वेळा उठलो, एका पायावर किती सेकंद. नोंद त्यांनीच करावी, मोजणी तुम्ही करावी. हजेरीपट अर्धवट ठेवणे त्यांच्या स्वभावात नसेल, असा माझा अंदाज आहे. चिरंजीवांना फोनवर कॅप्सूलविषयी रागावू नका. त्याने प्रेमापोटीच पाठवल्या, दूर असलेल्या मुलाला दुसरे काय पाठवता येते. दर रविवारी बोलताना वडिलांनी त्याला वहीतला आठवड्याचा आकडा सांगावा, आणि त्यानेही आपला सांगावा. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या चाळिशीच्या आतबाहेरच्या मुलाला ३० सेकंदांत किती जमते, याची मलाही उत्सुकता आहे.

तीन महिन्यांनी पूजा आटोपल्यावर, ते पाटावरून उठताना मुद्दाम पाहत आहात हे त्यांना न कळू देता, तुम्ही पाहा. हात टेकला की नाही, आणि वहीत त्या दिवशी कोणता आकडा होता, एवढे मला कळवा.